बस पकडण्यापुरती गोळी

माझ्या कमरेचं ऑपरेशन फेब्रुवारी २०१८मध्ये झालं. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकून डाव्या पायाची नस दबली होती. मी चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचं वायर हार्नेस बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी उभी असते. राहायला रावेतला, मुकाई चौकाच्या अलीकडे. पहिल्या शिफ्टची बस पहाटे साडेपाचला येते. ऑपरेशननंतर सव्वातीन वर्षं मी ट्रामाडॉल नावाची गोळी खाल्ली, आणि पुढचं जवळजवळ एक वर्ष ती सोडण्यात गेलं. पाठीचं ऑपरेशन होऊन गोळ्यांवर राहिलेली माणसं मला आता बसमध्ये आणि दवाखान्याच्या बाकावर ओळखू येतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. ऑपरेशनआधी नेमकं कोणतं दुखणं जाणार ते विचारा

मी खर्च विचारला, टाके विचारले, किती दिवस रजा लागेल ते विचारलं. हे विचारलंच नाही. गादीचा निसटलेला तुकडा काढला की नस मोकळी होते आणि पायात उतरणारी कळ बहुतेकांची जाते. कमरेतलं दुखणं मात्र जाईलच असा भरवसा नसतो. माझ्या पायातली कळ तर भूल उतरताच गेलेली होती. शुद्धीवर आल्या आल्या मी टाच हलवून पाहिली आणि रडायलाच आलं, इतका पाय हलका वाटला. पेढे वाटले आम्ही.

चौथ्या महिन्यात कमरेत ठणका सुरू झाला. पुन्हा एमआरआय केला. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "ताई, फोटो छान आहे." फोटो छान होता, आणि मला त्यांच्या खुर्चीवरून उठताना टेबलाची कड धरावी लागली.

या प्रकाराला वैद्यकात कितीतरी वर्षं 'फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम' असं नाव होतं. निरनिराळे अभ्यास सांगतात की मणक्याच्या ऑपरेशननंतर शंभरातल्या दहापासून चाळीस जणांपर्यंत दुखणं या ना त्या रूपात राहतं. कधी जखम भरताना नसेभोवती चिवट पडदा धरतो, कधी तीच गादी पुन्हा सरकते, कधी वरच्या-खालच्या मणक्यावर भार येतो. आणि कधी महिनोन्‌महिने दुखून दुखून नसांची सगळी यंत्रणाच हुळहुळी होऊन बसते. हे शेवटचं कारण कुठल्याच फोटोत दिसत नाही. मला आधी कळलं असतं तरी मी ऑपरेशन केलंच असतं, कारण पायाचा अंगठा उचलेनासा झाला होता. पण चौथ्या महिन्यात 'माझंच काहीतरी चुकलं, मीच लवकर वाकले असेन' म्हणून स्वतःला कोसत बसले नसते. नवऱ्यानंही "डॉक्टर तर म्हणतात सगळं ठीक आहे" हे वाक्य इतक्यांदा ऐकवलं नसतं.

२. गोळीच्या जोरावर आपण काय करतोय, ते डॉक्टरांना सांगा

पहिली चिठ्ठी पाच दिवसांची होती. ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी, सकाळ-संध्याकाळ. ठणका परत आल्यावर पंधरा दिवसांची चिठ्ठी झाली आणि मग तिच्यावर "चालू ठेवा" असं लिहून आलं.

दहा आठवड्यांनी मी कामावर परत गेले होते, कारण त्यापुढची रजा बिनपगारी होती आणि फ्लॅटचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो. आमची बस देहूरोडवरून जाते. तळेगाव-चाकण रस्त्याला लागलं की खड्डे सुरू होतात, आणि मागच्या चाकावरची सीट मिळाली तर प्रत्येक खड्डा कमरेत मोजता येतो. मी पावणेपाचला चहा-बिस्किटाबरोबर गोळी घ्यायचे. बस खड्ड्यांपर्यंत पोचेतो ती लागू झालेली असायची. दुसरी दुपारी बारा वाजता, शिफ्टचे उरलेले तीन तास उभं राहण्यासाठी. तिसरी परतीच्या बससाठी. ही तिसरी चिठ्ठीवर नव्हती.

मी गोळी पाठीसाठी घेत नव्हते, बससाठी घेत होते. कुणी विचारलं असतं तर मी तेव्हाच हे सांगू शकले असते. पण दोन मिनिटांच्या भेटीत "दुखतंय का?" एवढाच प्रश्न असतो, त्याचं उत्तर "हो" असतं आणि त्या "हो"वर चिठ्ठी निघते. 'ही गोळी नसेल तर मी आठ तास उभी राहू शकत नाही' असं मी बोलले असते, तर कदाचित कुणीतरी माझ्या उभं राहण्याचा विचार केला असता.

३. किती घेतो ते कागदावर लिहा

मनात ठेवलेला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा कमी असतो. दोन गोळ्यांनी व्हायचं त्याला वर्षभरात चार लागायला लागल्या. २०१९च्या दिवाळीत मी ५० मिलिग्रॅमच्या आठ कॅप्सूल रोज घेत होते आणि कुणी विचारलं तर "चार-पाच" म्हणत होते. माझा स्वतःचा विश्वास होता त्यावर. आठ म्हणजे ४०० मिलिग्रॅम. ही दिवसाची कमाल मर्यादा आहे आणि त्यापुढे फिट येण्याचा धोका वाढतो, हे मला फार पुढे कळलं. झोपेच्या गोळीबरोबर किंवा दारूबरोबर ही गोळी घेतली तर श्वासच मंदावतो, हेही तेव्हाच कळलं. पोट तर कधीच साफ होत नव्हतं. इसबगोलचा डबा ओट्यावर कायमचा आला तरी त्याचा आणि गोळीचा संबंध कुणी जोडला नाही.

ट्रामाडॉल मार्च २०१४पासून 'एच-वन' यादीत आहे. म्हणजे मेडिकलवाल्यानं ती चिठ्ठीवरच द्यायची, वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. एप्रिल २०१८मध्ये, म्हणजे माझ्या ऑपरेशननंतर दोनच महिन्यांनी, केंद्र सरकारनं ती अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आणली. स्ट्रिपवर लाल अक्षरं होती. मी ती रोज फाडत होते, वाचत नव्हते.

मग मी तीन मेडिकल धरले. एक रावेतचा, एक चिंचवडचा आणि एक चाकणला, कंपनीच्या बसथांब्यापाशी. तिथे "कालचीच चिठ्ठी आहे, घरी राहिली" म्हटलं की काम व्हायचं. स्ट्रिपा तांदळाच्या डब्यात, तळाशी. चोरून ठेवावं लागतंय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे मला कळायला हवं होतं. मी फक्त एवढंच म्हणायचे की सासूबाईंना उगीच काळजी नको.

४. शरीर एक दिवस सांगतं, तेव्हा त्याचं ऐका

२५ मार्च २०२०ला टाळेबंदी लागली. चाकणचा मेडिकल गेला, चिंचवडचा गेला. रावेतच्या मेडिकलवाल्यानं खिडकीतूनच सांगितलं, "वहिनी, चिठ्ठी नवी लागेल, आणि मालही आलेला नाही." मी पुरवून पुरवून वापरल्या. शेवटची कॅप्सूल रामनवमीच्या दुसऱ्या रात्री घेतली.

चार तारखेला सकाळी जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. मग नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी. दुपारी अंगावर काटा, घाम आणि थंडी एकाच वेळी. रात्रभर पाय स्वस्थ पडेनात, सारखे झाडावेसे वाटत होते. पोट इतकं बिघडलं की मी संडासाच्या दाराशीच चटई टाकली. एप्रिल २०२०मध्ये नाक गळणारं, कुडकुडणारं माणूस घरात असणं म्हणजे काय, हे ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना सांगायला नको. सासूबाईंनी काढा केला आणि दारातून आत सरकवला. मुलीला आतल्या खोलीत पाठवलं.

पाच तारखेला रात्री नऊ वाजता सगळ्या देशानं दिवे लावले. आमच्या गॅलरीत घरची सगळी पणत्या घेऊन उभी होती, समोरच्या इमारतीतून टाळ्यांचा आवाज येत होता. मी अंधारात मोरीच्या भिंतीला पाठ लावून बसले होते आणि उद्या आपल्याला हॉस्पिटलात नेणार, तिथून आपण परत येणार नाही, असं मनाशी धरून चालले होते. एटीएमचं कार्ड काढून ठेवावं म्हणून डब्याची पिशवी ओढली. तिच्या बाजूच्या कप्प्यात कापलेल्या स्ट्रिपमधल्या दोन कॅप्सूल निघाल्या. पाठही ठणकत होतीच. दोन्ही घेतल्या.

सव्वा तासात नाक थांबलं, घाम थांबला, पाय शांत झाले. मी उठून तोंड धुतलं आणि भूक लागली म्हणून वरणभात मागितला. घरच्यांना वाटलं काढ्याचा गुण आला. मला कळलं होतं. कोरोना सव्वा तासात बरा होत नाही.

आणि दुसरी गोष्ट त्याच रात्री ध्यानात आली. बस दोन आठवडे बंद होती. शिफ्ट नव्हती, खड्डे नव्हते, आठ तास उभं राहणं नव्हतं. ज्या कामासाठी मी गोळी घेत होते ते कामच नव्हतं, तरी मला ती लागत होती.

हे कळूनही मी आणखी तेरा महिने गप्प राहिले. या तेरा महिन्यांचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

५. "डॉक्टरनं दिलीय, सवय कशी लागेल?" हे वाक्य कुठून आलं ते जाणून घ्या

मी हेच म्हणायचे, आणि जगातल्या कितीतरी डॉक्टरांनीही हेच मानलं होतं. १९८०मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. हॉस्पिटलात दाखल असताना अफूवर्गीय औषध (ट्रामाडॉल त्यातलंच) दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. ती माणसं हॉस्पिटलातली, नर्सच्या नजरेखालची. घरी नेऊन महिनोन्‌महिने गोळी खाणाऱ्यांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. तरी पुढची कित्येक वर्षं त्या पाच वाक्यांचा हवाला देऊन सांगितलं गेलं की दुखण्यासाठी घेतली तर सवय लागत नाही. १९९६मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गीय गोळी बाजारात आणली, तेव्हा हा समज तिच्या चांगलाच कामी आला. औषधाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचं कंपनीनं २००७मध्ये कोर्टात कबूल केलं. तोवर तिथल्या खाणकामगारांच्या, मजुरांच्या वस्त्याच्या वस्त्या त्यात बुडाल्या होत्या. पाठी आणि गुडघे मोडून काम करणारी माणसं होती ती. आमच्यासारखीच.

आपल्याकडचीही गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये बीबीसीनं दाखवलं की मुंबईची एक कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या गोळ्या घाना, नायजेरियासारख्या देशांत पाठवत होती. या मिश्रणाला कुठेच मान्यता नव्हती. सरकारनं त्यानंतर परवानग्या काढून घेतल्या, पालघरच्या कारखान्यावर धाड पडली. टॅपेंटाडॉल ही ट्रामाडॉलच्याच घरातली, तिच्याहून कडक. "ही आता पुरत नाही" म्हटल्यावर मला तीच लिहून द्यायचं घाटत होतं. ती बातमी पाहताना आफ्रिकेतली रस्त्यावर झिंगलेली पोरं दिसत होती आणि मला माझा तांदळाचा डबा आठवत होता.

६. मानसोपचाराच्या दाराशी लाजू नका

मे २०२१मध्ये माझी मुलगी मेडिकलमधून रिकाम्या हातानं परत आली. दहावीत होती तेव्हा. मीच पाठवलं होतं तिला. चप्पल काढता काढता म्हणाली, "आई, गोळी संपली की तू वेगळीच होतेस. मला भीती वाटते." त्या रात्री मी नवऱ्याला तांदळाचा डबा उपडा करून दाखवला.

तो रागावला नाही. त्यानं स्ट्रिपा मोजल्या, दोनदा मोजल्या, आणि म्हणाला, "एवढं दुखत होतं?"

डॉक्टर शोधताना मी अडून बसले होते. व्यसनमुक्ती म्हटलं की मला येरवड्याचं मुक्तांगण आठवायचं. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं सुरू केलेलं. ते गर्दवाल्यांसाठी, म्हणजे हेरॉइन घेणाऱ्यांसाठी, आणि दारूवाल्यांसाठी. मी तर संसारी बाई, मेडिकलमधून पावती घेऊन आणलेली गोळी खाणारी. नंतर एम्सचा २०१९चा देशव्यापी अहवाल वाचनात आला. त्यात हेरॉइन घेणारे लोकसंख्येच्या १.१४ टक्के, आणि अफूवर्गीय औषधांचा असा वापर करणारे ०.९६ टक्के. म्हणजे जवळजवळ बरोबरीनं. माझ्यासारख्यांची रांग गर्दवाल्यांच्या रांगेइतकीच लांब आहे, आणि ती कुणाला दिसत नाही.

शेवटी एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दुखण्याबद्दल. "अजून दुखतं का? कुठे? बसून जास्त की उभं राहून?" मी म्हणाले, "म्हणजे तुम्हाला खरं वाटतं ना?" ते म्हणाले, "दुखणं खरं आहे आणि गोळीची सवय पण खरी आहे. दोन्ही बघू. एकच बघून चालणार नाही."

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. दुखणं शमवणारी द्रव्यं शरीर स्वतः बनवतं. बाहेरून रोज तसलंच काही यायला लागलं की शरीर आपला हात आखडता घेतं. मग बाहेरचं थांबलं की घरात काहीच नसतं, आणि जांभयांपासून जुलाबांपर्यंत सगळं सुरू होतं. हे कुणाच्याही शरीरात होतं, साधूच्याही. ट्रामाडॉलचं आणखी एक म्हणजे ते मन ताळ्यावर ठेवणाऱ्या रसायनांनाही हात घालतं, म्हणून ते तुटलं की छातीत धडधड, भीती, अंगातून वीज गेल्यासारखं होणं, हेही येतं. आणि कधी कधी खूप दिवस घेतल्यावर ही औषधं दुखण्याची जाणीव कमी करायच्या ऐवजी वाढवतात. हे मला तेव्हा खोटं वाटलं होतं.

७. एकदम बंद करू नका

नवऱ्याचं म्हणणं होतं, सगळ्या स्ट्रिपा पवनेत टाकू आणि आठ दिवस रजा घेऊ. डॉक्टरांनी त्याला थांबवलं. आठ कॅप्सूलवरून एकदम शून्यावर येण्यात धोका आहे, आणि जो असा तडकाफडकी सोडतो तो बहुधा तडकाफडकीच परत धरतो. त्यांनी चिठ्ठी एकाच मेडिकलची ठरवून दिली, एका वेळी दोन आठवड्यांचाच माल, आणि स्ट्रिपा नवऱ्याच्या कपाटात.

स्वयंपाकघरात कालनिर्णय असतं. त्याच्या चौकटींत मी पेन्सिलीनं आकडे लिहायला लागले. जूनमध्ये ८, मग ७. पहिल्या चार कॅप्सूल दर तीन आठवड्यांनी एक अशा सुटल्या. गणपतीत ४ होत्या. पुढची प्रत्येक दीड-दोन महिने घेऊन गेली. ज्या आठवड्यात आकडा बदलायचा त्या आठवड्यात मी पाहुणे बोलवायचे नाही, नाइट शिफ्ट घ्यायचे नाही. दोनदा आकडा पुन्हा वर न्यावा लागला, एकदा मुलीला ताप होता तेव्हा आणि एकदा कारणाशिवाय. पेन्सिलीनं खोडून पुन्हा लिहिला. डॉक्टर म्हणाले, "उतरताना मधल्या पायरीवर थांबलं तर चालतं." शेवटच्या ५० नंतर साडेसदतीसची गोळी, मग तिचा अर्धा तुकडा. तो अर्धा तुकडा सगळ्यात जड गेला. मे २०२२च्या पानावर, सोळा तारखेला, मी शून्य काढलं आणि ते पान अजून ठेवलंय.

८. गोळी सुटली तरी पाठ उरते, तिची सोय लावा

गोळी सोडताना दुखणं दुप्पट होईल ही माझी सगळ्यात मोठी भीती होती. पहिले तीन-चार आठवडे झालंही. नंतर ते हळूहळू जुन्या जागी आलं, आणि शून्यानंतर दोन महिन्यांनी मला वाटलं की थोडं खालीच आहे. पूर्वी दहापैकी सात-आठ म्हणायचे, आता चार-पाच म्हणते. पावसाळ्यात सहा.

फिजिओथेरपीच्या ताईंनी सहा व्यायाम दिले आणि कमरेचा पट्टा सोडवला. सतत पट्टा बांधून पाठीचे स्नायू आळशी होतात म्हणाल्या. चालणं मीटरमध्ये मोजून दिलं, कमी दुखतंय म्हणून जास्त चालायचं नाही आणि जास्त दुखतंय म्हणून घरी बसायचं नाही. आधी इमारतीच्या फाटकापर्यंत. मग भोंडवे चौक. चार महिन्यांनी मी पवनेपाशी गेले, जिथून पिंपरी-चिंचवडला पाणी उचललं जातं त्या बंधाऱ्याकडे, आणि तिथे दहा मिनिटं उभी राहून परत आले. कशालाही न धरता. आठ वर्षं रावेतला राहून मी पहिल्यांदाच नदीवर गेले होते.

एक मात्र काळजीनं सांगते. गोळीच्या नादात किंवा गोळी सोडायच्या जिद्दीत नवं लक्षण अंगावर काढू नका. लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लोंबायला लागलं, ऑपरेशनच्या जागी दुखून ताप आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे कुणी "हिला गोळ्यांची सवय आहे" म्हणून हसण्यावारी नेलं तर नवऱ्याला, भावाला, जो सोबत असेल त्याला पुढे करा आणि तपासणी करून घ्या.

९. रजेचा हक्क आधी माहीत करून घ्या

हे मला ईएसआयसीच्या दवाखान्याच्या रांगेत एका बाईनं सांगितलं, तीन वर्षं उशिरा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा ईएसआयसीचा हप्ता कापला जातो. त्यातून आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण लांबणाऱ्या ३४ आजारांची एक यादी आहे. त्यांच्यासाठी ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते, आणि त्या यादीत मणक्याची गादी सरकणं आहे. दोन वर्षांची सलग नोकरी लागते, त्यात १५६ दिवसांचा हप्ता भरलेला लागतो, आणि त्यांच्या डॉक्टरांचा दाखला लागतो.

माझी नोकरी तेव्हा चार वर्षांची होती. मी दहा आठवड्यांत बसमध्ये चढले. आणखी चार-सहा महिने पाठीला मिळाले असते तर ती तिसरी गोळी मी घेतली असती का, हा विचार आजही रात्री येतो. ठेकेदाराकडे असलेल्यांनी तर हप्ता खरंच भरला जातोय का हे दर सहा महिन्यांनी बघावं, कारण ठेकेदार बदलला की मधले महिने गळतात आणि ते आजारी पडल्यावरच कळतं.

१०. गोळीला शिव्या घालू नका

आमच्याच मजल्यावरच्या एका काकांना हाडांचा कॅन्सर होता. शेवटच्या महिन्यांत त्यांना मॉर्फिन मिळायला घरच्यांना किती खेपा घालाव्या लागल्या ते मी पाहिलंय. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४मध्ये त्यासाठी सुधारणा झाली, तरी ते हवं तिथे सहज मिळत नाही. मिळाल्यावर काका दोन रात्री शांत झोपले आणि सकाळी नातवाशी बोलले. माझ्यासारख्यांचं ऐकून कुणी त्यांच्यासारख्यांचं औषध तोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

११. कुणी मागितली तर आधी शेजारी बसवा

गेल्या श्रावणात आमच्या लाइनवर एक नवीन मुलगी आली. लातूरकडची, चोवीस-पंचविशीची. बसमध्ये चढताना तिनं डावा हात गुडघ्यावर दाबला, आणि मला कळलं. चौथ्या-पाचव्या दिवशी देहूरोडच्या सिग्नलला ती माझ्या सीटशी वाकली आणि हळूच म्हणाली, "ताई, सगळ्या म्हणतात तुमचं पण मणक्याचं झालंय. तुमच्याकडं ती लाल-पिवळी कॅप्सूल असती का एखादी? माझी घरी राहिली."

मी पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकले. मागच्या चाकावरची सीट नव्हती, मधली होती, तिथे धक्के कमी बसतात. तिला म्हटलं, "बस इथं. ऑपरेशन कधी झालं तुझं? आणि दिवसाला किती घेतेस, खरं सांग."

ती म्हणाली, "दोन-तीन."

मी डब्याच्या पिशवीतून पेन्सिल काढली.